दोघांचा एक दिवस : वेरूळ ते मकबरा

थंडी सुरू झाली की छत्रपती संभाजीनगरात परगावची ज्येष्ठ जोडपी दिसू लागतात. कोणी मुलाकडे आलेले असतात, कोणी घृष्णेश्वराच्या दर्शनाला. हाताशी दिवस एकच आणि यादीत मात्र वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, पाणचक्की, बिबी का मकबरा अशी पाच नावे. अशा दिवसाची अखेर या शहरात वैद्यकी करताना मी दवाखान्यात अनेकदा पाहिली आहे : सुजलेला गुडघा, तळपायावरचा फोड, गरगरणारे डोके. यातले बरेचसे टाळता येते. दोघांपैकी जो हळू चालतो, त्याच्या गतीने दिवस आखावा, एवढेच पथ्य पाळायचे.

सकाळी लवकर निघावे आणि प्रथम वेरूळ गाठावे. अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. मंगळवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. एकूण ३४ लेण्यांपैकी सगळी पाहण्याचा हट्ट नको. सुरुवात १६ क्रमांकाच्या कैलास लेण्यापासून करावी, कारण ते प्रवेशद्वारासमोरच आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, अखंड खडक वरून खाली कोरत आणून हे मंदिर घडवले गेले. त्यामुळे प्रांगणात उभे राहूनही हत्तींचे थर आणि कैलास हलवणारा रावण डोळे भरून पाहता येतो. वरच्या मजल्यावर गेले नाही, तरी पदरी उणे काही पडत नाही. पायऱ्या चढायच्याच असतील, तर उतरताना अधिक जपावे. गुडघ्यावर भार तेव्हाच जास्त येतो.

कैलासानंतर १० क्रमांकाचे, ‘सुताराची झोपडी’ म्हणून ओळखले जाणारे बौद्ध चैत्यगृह पाहावे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आतल्या अंधारात शिरताना उंबऱ्याशी दोन-तीन मिनिटे थांबावे. वयोमानाने आणि मोतीबिंदूने डोळे अंधाराला सरावण्यास वेळ घेतात. बहुतेक जण पडतात ते याच पहिल्या चार पावलांत.

जवळच घृष्णेश्वराचे मंदिर आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. येथे अनवाणी चालावे लागते आणि दुपारी दगडी फरशी तापते. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या माणसाला चटका जाणवत नाही. संध्याकाळी फोड दिसतो, तेव्हाच कळते. म्हणून दर्शन ऊन चढण्यापूर्वी घ्यावे, शक्य तेथे जाड मोजे वापरावेत आणि परतल्यावर जोडीदाराने दुसऱ्याचे तळवे पाहावेत. रांगेत फार वेळ उभे राहून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लाज न बाळगता तिथेच खाली बसावे.

जेवणाची वेळ चुकवू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेतल्यावर जेवण लांबले, तर साखर घसरते. हात थरथरतात, घाम येतो, माणूस विनाकारण चिडतो. प्रवासातले हे चिडणे स्वभावाचे समजू नका; आधी साखर किंवा गोड सरबत द्या. मात्र साखरेची पुडी खिशात ठेवावी. हातातली पिशवी माकडे ओढून नेतात. लघवी वाढवणारी गोळी अडचण नको म्हणून परस्पर बंद करू नये. वेळ बदलता येईल का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

परतीच्या वाटेवर दौलताबाद लागते. यादवांची ही देवगिरी. सुमारे २०० मीटर उंच डोंगर, सातशेहून अधिक पायऱ्या आणि वाटेत काळोखी अंधेरी. ज्यांना हृदयविकार, दमा किंवा गुडघेदुखी आहे, त्यांनी वर जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. खालच्या सपाटीवर पंधराव्या शतकातला चांदमिनार, हत्ती तलाव आणि अनेक खांबांचे भारतमाता मंदिर आहे; तेवढा गड पुष्कळ झाला. “तुम्ही जा, मी इथे बसते,” हे वाक्य याच ठिकाणी ऐकू येते. ते ऐकून एकट्याने वर जाऊ नये आणि जोडीदाराला ओढून नेणे तर मुळीच नको. चढावर बोलताना धाप लागली, तर थांबावे. छातीत दाब, हात किंवा जबडा दुखणे, थंड घाम यांपैकी काही जाणवले, तर ‘पित्त असेल’ म्हणून वेळ दवडू नये. रुग्णाला बसवून १०८ क्रमांकाला फोन करावा.

दुपारी मुक्कामी येऊन पाय वर करून तासभर आडवे व्हावे. ऊन कलले की मकबऱ्याला जावे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही सतराव्या शतकातली कबर. चौथरा चढवत नसेल, तर बागेतूनही इमारत सुंदर दिसते. दम उरलाच, तर जवळच्या पाणचक्कीतल्या वडाखाली बसावे. भूमिगत नळांतून लांबून आणलेले पाणी तेथे हौदात पडते.

आई-वडिलांना पाठवणाऱ्या मुलांनो, दिवसभरासाठी एकच गाडी ठरवून द्या आणि दोघांच्या खिशात औषधांची यादी व तुमचा फोन क्रमांक ठेवा. सुमारे शंभर किलोमीटरवरचे अजिंठा त्याच दिवसाला जोडू नका. यादीतले एखादे नाव राहिले, तर राहू द्या. पुढच्या थंडीत पुन्हा यायला निमित्त होईल.