गाठोडं उघड्या डोळ्यांनी वाचता यावं

1 नोव्हेंबर 1956 रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरहून सरकारी नोकरीतली अनेक मराठी कुटुंबं इथे आली. त्यांच्या आठवणी आम्ही काही जण टाइप करतो आहोत. दर आठवणीची एक साधी टेक्स्ट फाइल. या फाइली एकत्र बांधायच्या कशा, याबद्दलचं माझं मत आता पार बदललं आहे.

मी झिपचा कट्टर पुरस्कर्ता होतो. आकार लहान, पाठवायला सोपी. याहून जास्त काय हवं?

पण टेक्स्टला जागा लागतेच किती? यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट घेतं. तरी अख्खं पुस्तक मोबाइलच्या एका फोटोएवढ्या जागेत मावतं. जागेची अडचण नसेल, तर प्रश्न उरतो टिकण्याचा. झिपमध्ये यूटीएफ-8 नावांची अधिकृत सोय 2006 साली आली. त्याआधीच्या साधनांनी बांधलेली मराठी नावं उलगडताना अगम्य होतात. टार या फाइली एकत्र बांधण्याच्या दुसऱ्या प्रकारात, त्याच्या जुन्या रूपात, नावाला 100 बाइट, म्हणजे जेमतेम 33 चिन्हं. शिवाय दाबलेल्या फाइलीत एक बाइट बिघडला, तरी तिचा पुढचा मजकूर सहसा हातचा जातो.

मत फिरवलं ते कर्निहन आणि पाइक यांच्या 1984 च्या युनिक्सवरच्या पुस्तकातल्या ‘बंडल’ नावाच्या चिमुकल्या स्क्रिप्टने. ती फाइलीचं नाव लिहिते, खाली मजकूर जसाच्या तसा ठेवते, शेवटी समाप्तीची ओळ घालते आणि पुढची फाइल घेते. उलगडायला युनिक्सचा शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम, पुरतो. तोही नसला तर कुठल्याही एडिटरमध्ये सगळं वाचता येतं.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. ते गाठोडं म्हणजे शेलला दिलेल्या आज्ञाच. त्यात कुणी घातक आज्ञा घुसडली, तर तीही चालते. म्हणून आमच्या गाठोड्यात आज्ञा नाहीत. ‘फाइल: बदली’ अशी ओळ, मग मजकूर, मग ‘समाप्त: बदली’. मजकुराच्या दर ओळीआधी उभी रेघ असते, म्हणजे कुणाच्या आठवणीत ‘समाप्त’ आलं तरी फाइल तिथे तुटत नाही. उलगडणारा प्रोग्राम वेगळा. तो रेघ काढून ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइली लिहितो, बाकी काही करत नाही.

पाठवायला झिप मी आजही वापरतो. जतनाची प्रत मात्र साध्या मजकुराचीच हवी, असं आता मी ठामपणे म्हणतो. ज्यांनी विश्वासाने आठवणी सांगितल्या, त्यांच्या पणतवंडांना त्या वाचण्यासाठी आमच्या प्रोग्रामची गरज पडता कामा नये.