तीन पायांचा कावळा

कावळा हा पक्षी आमच्या घराण्याच्या वाईटावर आहे, असे माझे लहानपणापासूनचे मत. महिन्यातून एकदा तो आईला ‘शिवे’. मग तीन दिवस ती माजघराबाहेर कोपऱ्यात बसे आणि आम्हां भावंडांच्या नशिबी वडिलांच्या हातचे करपट पिठले येई. पुढे 2018 साली आई गेली, तेव्हा दहाव्या दिवशी नदीकाठी हाच पक्षी पिंडाला शिवेना. भावाने नाना परींनी विनवले, “आप्पांच्या औषधपाण्याचं बघतो, धाकटीला अंतर देणार नाही,” पण समोरच्या झाडावर बसून कावळा नुसता मान वाकडी करून पाहत राहिला. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली. नको तेव्हा शिवायचे आणि हवा तेव्हा शिवायचे नाही! अशा पाखराला देवाचा दूत मानणाऱ्या मुलुखात मी पाठीला पिशवी बांधून डोंगर तुडवीत जाईन, असे कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

पण 2023 च्या नोव्हेंबरात मी खरोखरीच गेले. माझी भाची नोकरीनिमित्त ओसाकाला असते. तिच्याकडे पोचून चार दिवस झाले नाहीत तोच ती म्हणाली, “मावशी, क्योटो काय सगळेच पाहतात. तू डोंगरात चालशील का?” रोज सकाळी बागेत चार फेऱ्या मारणाऱ्या एकसष्ट वर्षांच्या बाईला हा प्रश्न विचारू नये. ती ‘हो’ म्हणते.

ओसाकाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेले की-ई नावाचे मोठे द्वीपकल्प आहे. मैलोगणती डोंगर, वर्षभर पाऊस आणि काळपट हिरवे अरण्य. त्याच्या पोटात कुमानोची तीन मोठी देवस्थाने आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्या जुन्या यात्रेच्या वाटा म्हणजे ‘कुमानो कोदो’. हजार वर्षांपूर्वी क्योटोहून राजेरजवाडे या वाटेने येत. गोशिराकावा नावाच्या निवृत्त सम्राटाने तर तीसाहून अधिक वाऱ्या केल्या. पुढे सामान्य माणसांची अशी रीघ लागली की ‘मुंग्यांची कुमानो-यात्रा’ हा शब्दप्रयोगच जपानी भाषेत रूढ झाला. 2004 मध्ये युनेस्कोने या वाटांना जागतिक वारशाचा मान दिला.

ओसाकाहून आगगाडीने दोन-सव्वादोन तासांवर तानाबे आणि तिथून बसने ताकिजिरी. येथे एक छोटेसे देऊळ आहे. वाटेवरच्या अशा देवळांना ‘ओजी’ म्हणतात. ती नव्व्याण्णव असल्याचे सांगतात, पण नुसत्या खुणेच्या दगडावर उरलेलीही त्यांतच धरतात. प्रत्येक ओजीपाशी लाकडी पेटीत शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते. तो आपला आपण वहीत उठवायचा. भाचीने मला वही दिली तेव्हा मी म्हटले, “म्हणजे चित्रगुप्ताचं काम आपणच करायचं!”

देवळामागूनच चढ सुरू होतो, आणि तो चढ म्हणजे चढच. सुगी वृक्षांची मुळे नागांच्या जाळ्यासारखी वाटेवर पसरलेली, त्यांतच पाय टाकायला जागा शोधायची. पंधरा मिनिटांत माझ्या बागेतल्या फेऱ्यांची किंमत मला कळून चुकली. तेवढ्यात एक प्रचंड खडक आला. त्याच्या खालच्या फटीतून सरपटत पलीकडे निघायचे, त्याला ‘गर्भातून जाणे’ म्हणतात. बाई त्यातून निघाली तर सुखरूप बाळंत होते, अशी समजूत. भाची निघाली. माझा त्या बाबतीतला हिशेब कधीच पुरा झालेला असल्याने मी वळसा घेतला. जवळच दुसरा खडक आहे. एका सरदाराची बायको यात्रेच्या वाटेवरच बाळंत झाली, मूल या खडकाखाली ठेवून नवराबायको पुढे गेली, आणि ती परतेपर्यंत लांडग्यांनी मुलाला राखले, खडकातून दूध पाझरले, अशी त्याची कथा. आई होऊन मी तरी मूल ठेवून पुढे गेले नसते. पण मग कथाही झाली नसती.

दर पाचशे मीटरांवर अंकाचा खांब आणि जिथे वाट फुटते तिथे पाटी, ‘ही कुमानो कोदो नव्हे’. योग्य वाट दाखवणाऱ्या पाट्या जगात पुष्कळ आहेत, चुकीची वाट स्वतःहून कबूल करणारी पाटी मी इथेच पाहिली. तरीही दुपारी फोटो काढण्याच्या नादात मी एका पाटीला पाठ करून खुशाल दहा मिनिटे भलतीकडे गेले. मागे वळून पाहते तो भाची नाही, पाखराचा आवाज नाही, वर सुगींचे शेंडे आणि खाली ओले शेवाळे. छातीत धस्स झाले. मग लांबून तिच्या पिशवीला बांधलेली, अस्वलांना दूर ठेवण्यासाठीची घंटी किणकिणली. आमच्या गाईची घंटा ऐकून आई दाराशी येई, तशी मी धावले. गुडघा फुटला तो तिथेच.

चिकात्सुयु गावी पोचलो तेव्हा अंधारले होते. तेरा किलोमीटरांना आठ तास! घरगुती मुक्कामाच्या आजीबाईंना भाचीने आधीच कळवले होते की मावशी मासे खात नाही. त्यांच्या साध्या सारालाही मासळीचा अर्क असतो, म्हणून बिचारीने निराळे शिजवले होते. मोहरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला भाताचा मोठा लाडू आणि सोबत उमेबोशी. हे फळ म्हणजे आपल्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा थोरला भाऊ. मी पिशवीतून मेतकूट काढले. आजीबाईंनी ते भातावर घेतले, डोळे मिटले आणि दुसऱ्यांदा वाडगा पुढे केला. पुढचे संभाषण दुभाष्यावाचून झाले.

सकाळी दीड तास चालून नोनाकाच्या सुगींपाशी गेलो. या महावृक्षांच्या फांद्या एकाच दिशेला, दक्षिणेकडे वाढल्या आहेत. ती नाचीच्या देवस्थानाची दिशा. 1906 मध्ये सरकारने छोटी देवळे मोठ्यांत विलीन करण्याचा हुकूम काढला. देऊळ गेले की त्याची देवराईही तोडायची, असा तो व्यवहार. तानाबेचे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसू याविरुद्ध उभे राहिले, त्यापायी तुरुंगातही गेले. आज इथे जी झाडे उभी आहेत ती त्यांच्या भांडकुदळपणामुळे.

पुढची वीसेक किलोमीटर माझ्या गुडघ्याने नामंजूर केली. आम्ही सरळ बस धरली आणि होश्शिन्मोन ओजीपाशी उतरून शेवटचे सात किलोमीटर तेवढे पायी गेलो. यात्रेकरूंनी मला हसावे, माझी हरकत नाही.

चहाचे मळे, एखादे घर, पुन्हा जंगल असे करीत फुशिओगामी ओजी आले. नावाचा अर्थच ‘लोटांगण घालून वंदन’. दिवसच्या दिवस चालून आलेल्या यात्रेकरूला मुख्य देवस्थानाचे पहिले दर्शन या टेकडीवरून घडे. आपल्याकडे वेळापूरपाशी तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून वारकरी तिथे अजून धावा करतात, तसेच हे. तिथे एक लहान दगडी स्तूप आहे. भाची फोनवर पाटी वाचत होती. वाचता वाचता थांबली. म्हणाली, “मावशी, बस जरा.”

इझुमी शिकिबू ही हजार वर्षांपूर्वीची मोठी कवयित्री. ती कुमानोला निघाली, आणि इथवर, देऊळ डोळ्यांना दिसत असताना, तिला कावळा शिवला. आता कसे जायचे? तिने इथूनच हात जोडले आणि आपले दुःख एका कवितेत सांगितले. रात्री देव स्वप्नात आला आणि म्हणाला, मला त्याचे काही नाही, तू ये. सकाळी ती उठली आणि गेली.

अशी ही दंतकथा. त्याच द्वीपकल्पातल्या कोयासान पर्वतावर 1872 सालापर्यंत बायकांना बंदी होती, आणि ओमिने रांगेतल्या सांजोगाताके शिखरावर ती आजही आहे. कुमानोने मात्र कोणाला अडवले नाही.

1968 ची कार्तिकी. मी सहा वर्षांची. आम्ही सगळी एस.टी.ने पंढरपूरला गेलो होतो. आई त्यासाठी वर्षभर पैसे साठवीत होती. आदल्या रात्री धर्मशाळेत आजीच्या कानात ती काहीतरी बोलली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दर्शनाला गेलो तेव्हा आई चंद्रभागेच्या वाळवंटात सामान राखीत बसली होती. परत येऊन मी तिला बुक्का लावायला गेले, तर तिने अंग चोरले. म्हणाली, “लांबूनच दाखव गं.” पुढे ती त्या अडचणीतून सुटली तेव्हा वडील अंथरुणाला खिळले, आणि वडील गेले तोवर तिचे गुडघे गेले. पंढरपूर राहिले ते राहिलेच. दहाव्याला नदीवर भावाने साऱ्या जगाची कबुली दिली; पंढरपूर कोणाच्याच तोंडून निघाले नाही. मी घरी होते, आणि मलाही आठवले नव्हते.

भाचीने काही विचारले नाही. तिने उमेबोशीचा डबा उघडून माझ्यापुढे धरला.

कुमानो होंगूला उतरलो तेव्हा उन्हे कलली होती. पूर्वी हे देऊळ नदीच्या पात्रात ओयुनोहारा नावाच्या बेटावजा जागी होते. 1889 च्या महापुरात ते उद्ध्वस्त झाले आणि वाचलेली मंदिरे वर टेकडीवर नेली. जुन्या जागी आता भाताच्या खाचरांपलीकडे 33.9 मीटर उंचीचे पोलादी तोरण उभे आहे, जपानातले सर्वांत मोठे. देवळात जिकडे तिकडे यातागारासु, तीन पायांचा कावळा. निशाणावर तो, ताइतावर तो. पहिल्या सम्राटाला या रानातून वाट दाखवणारा हाच, म्हणून जपानच्या फुटबॉल संघटनेनेही त्यालाच बोधचिन्ह केले. तीन पाय म्हणजे आकाश, पृथ्वी आणि माणूस, असे तिथे सांगतात. मला आपले ते कोपऱ्यातले तीन दिवस आठवले.

अंगणात एक काळी टपालपेटी आहे. टपालपेटी एरवी तांबडी असते. ही काळी, आणि वर काळा कावळा बसलेला. मी एक कार्ड घेऊन भावाला चार ओळी लिहिल्या. कार्ड पेटीत टाकताना कावळ्याच्या चोचीला हात लावला. पाहणाऱ्यांना वाटले असेल, म्हातारी फोटोसाठी उभी आहे.

मी पुण्याला परतल्यावर आठवड्याने कार्ड पोचले. भावाचा दूरध्वनी आला. “अगं, हा कसला पक्षी? याला पाय तीन का?”

“ते राहू दे. मजकूर वाचलास का?”

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “वाचला. माघीला गर्दी असते. त्याच्या आधीचा बुधवार चालेल? आईचं ते हिरवं पातळ तुझ्याकडे आहे ना, ते बरोबर घे.”