गळा घरचा, धंदाही घरचा

वाचकहो, पेणचे नाव काढले की तुमच्या डोळ्यांपुढे गणपती उभा राहतो. त्यामागोमाग पोहे आणि पापड आठवतात. या तिन्ही धंद्यांचे मर्म एकच आहे. ते मोठ्या कारखान्यात जन्मले नाहीत, घराच्या पडवीत आणि माजघरात जन्मले. हमरापूर, जोहे, कळवे या गावांतून फिरून पाहा. भाताची कापणी आटोपली की त्याच अंगणात मूर्ती वाळत पडतात. घरची माणसे, घरची जागा आणि हातातली कला एवढ्या भांडवलावर ही मूर्ती आज परदेशापर्यंत जाते.

याच घरांत आणखी एक वस्तू पिढ्यान्पिढ्या तयार होत आली आहे, पण तिच्याकडे धंदा म्हणून कोणी पाहिले नाही. ती वस्तू म्हणजे गाणे. खारेपाटात हळदीच्या रात्री किती गाणी होतात ते तुम्ही जाणता. श्रावणात आणि गणपतीत एकेका गावात दोन-दोन भजनी मंडळे टाळ-पखवाज घेऊन बसतात. रोह्याला दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा सारे गाव रस्त्यावर येते. इतके गळे आणि इतके हात आपल्याकडे आहेत. पण एखाद्या मंडळाला आपले भजन नीट भरून घ्यायचे झाले तर आजही मुंबईचा किंवा पनवेलचा रस्ता धरावा लागतो. गाडीभाडे, स्टुडिओचे तासाचे भाडे आणि दिवसभराचा खाडा धरला की दहा-बारा माणसांच्या मंडळाला तो खर्च जड जातो.

हेच काम पेणला किंवा रोह्याला, आपल्याच घरातल्या एका खोलीत, परवडेल अशा दरात करता येईल का, या प्रश्नाचा विचार आज तुमच्यापुढे मांडतो आहे. माझा पुतण्या हे काम करतो, म्हणून मला त्यातले जे दिसले आणि कळले तेवढेच सांगतो.

पहिल्याने थोडा मागचा इतिहास. एक काळ असा होता की गाणे तबकडीवर यायचे तर कलकत्त्याच्या ग्रामोफोन कंपनीची मर्जी लागे. खेड्यातल्या गायकाला तो दरवाजा बंदच होता. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढली. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने पसरली १९८० च्या सुमारास, म्हणजे आपला कुलाबा जिल्हा १९८१ साली रायगड झाला त्याच काळात. कॅसेट स्वस्त, भरायला सोपी आणि नक्कल काढायलाही सोपी. त्यामुळे कोळीगीते, आगरी लग्नाची गाणी, भारुडे आणि भजने बाजारात आली. ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांचा आवाज टपरीवरच्या टेपवर वाजू लागला.

तिकडे परदेशात १९७९ साली टॅस्कॅम कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे यंत्र काढले. साध्या कॅसेटवर चार आवाज चार वेगळ्या पट्ट्यांवर भरण्याची सोय त्यात होती. ब्रूस स्प्रिंगस्टीन या नामांकित गायकाने १९८२ साली अशाच यंत्रावर घरात बसून गाणी भरली. हेतू एवढाच की पुढे मोठ्या स्टुडिओत ती पुन्हा करावीत. पण घरच्या भरणीत जो जिव्हाळा उतरला तो स्टुडिओत उतरेना. शेवटी तीच कॅसेट ‘नेब्रास्का’ या नावाने तबकडीवर आली. तेव्हा घरात भरलेले गाणे हलकेच असते, ही समजूत सोडून द्यावी.

आज तर काम त्याहून सोपे झाले आहे. एक बऱ्यापैकी लॅपटॉप, एक माईक, माईकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी इंटरफेस नावाची छोटी पेटी आणि कान झाकणारा हेडफोन एवढ्यावर सुरुवात होते. आवाज भरण्याची आणि कापण्या-जोडण्याची ‘ऑडॅसिटी’सारखी प्रणाली फुकट मिळते.

खरी मेहनत खोलीची. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, आणि एकदा घुमका आवाज भरला गेला की तो नंतर निघत नाही. शहरात त्यासाठी महागडा फोम लावतात. आपल्याकडे गोधड्या आहेत. दोन भिंतींना जाड गोधड्या टांगाव्यात, खाली सतरंजी अंथरावी, कोपऱ्यात भाताची भरलेली पोती रचावीत. कापड आणि पोती आवाज पिऊन टाकतात. पंखा आणि फ्रिज बंद ठेवावा. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरपा धरावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर बसत नाही. तारेच्या कड्यावर पातळ कापड ताणून मध्ये धरले तर आणखी बरे. आवाजाची पट्टी लाल रंगापर्यंत जाऊ देऊ नये. फुटलेला आवाज आणि सांडलेले दूध सारखेच.

ढोलकी आणि पखवाज गाणाऱ्याच्या शेजारी ठेवले तर गळा दबतो. वाद्य आधी भरावे, मग ते हेडफोनवर ऐकत गाणाऱ्याने गावे. पण भजनी मंडळाला हे मानवत नाही. त्यांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहून गायची सवय. त्यांना वर्तुळात बसवावे, बुवा माईकच्या जवळ, पखवाज दूर आणि टाळ सर्वांत मागे. माईक हलवण्यापेक्षा माणसे हलवावीत.

चांगल्या प्रतीचे दोन बाजूंचे, म्हणजे स्टिरिओ, ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा घेते. तासाभराचे भजन एक जीबीच्या थोडे वर जाते. प्रत्येक कामाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे.

हंगामही ध्यानात घ्या. जून ते सप्टेंबर कौलांवर आणि पत्र्यावर पाऊस असा वाजतो की भरणी जवळजवळ अशक्य होते, आणि आवणीच्या दिवसांत वेळ तरी कोणाला असतो? दिवाळीनंतर कापणी-झोडणी संपली, शेतात वाल डोलू लागला आणि पोपटीची मडकी लागू लागली की हा धंदा सुरू होतो. लग्नसराईही तुळशीच्या लग्नापासून पुढे असते. रात्री दहानंतर गाव निजले की सर्वांत चांगला आवाज मिळतो.

आता पैशाचा हिशेब. हा माझा ढोबळ अंदाज आहे, बाजारभाव आपापल्या ठिकाणी विचारून घ्यावेत. जुना पण धडका लॅपटॉप २० हजार, माईक आणि पेटी मिळून १५ हजार, हेडफोन, स्टँड आणि वायरी ५ हजार, असे एकूण ४० हजार रुपये भांडवल. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. हे भांडवल त्यात बसते.

हंगामात महिन्याला चार गाणी दीड हजाराने, एक भजनी मंडळ तीन हजाराने आणि सहा किरकोळ कामे तीनशेने धरली तर १०,८०० रुपये होतात. वीज, प्रवास आणि दुरुस्तीचे १,८०० वजा जाता ९ हजार उरतात. पाच महिन्यांत भांडवल निघते. पण धंद्यात पहिल्या वर्षी निम्मेच गिऱ्हाईक धरावे. तसे धरले तर सहा महिन्यांचा एक असे दोन हंगाम लागतील. म्हणून सांगतो, यासाठी जमिनीचा तुकडा विकू नका आणि म्हैसही विकू नका. हा जोडधंदा आहे. तो भाताला हातभार लावील, भाताची जागा घेणार नाही.

किरकोळ कामे म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. जत्रेच्या वेळची सूचना, घंटागाडीचे गाणे, भाजीच्या टेम्पोची आरोळी, शाळेच्या संमेलनाचे स्वागतगीत. त्यांत नाव होत नाही, पण वीजबिल त्यांवरच निघते. उलट यूट्यूबच्या कमाईवर हिशेब बांधू नये. जाहिरातीचा वाटा मिळायला साधारणपणे १,००० वर्गणीदार आणि एका वर्षात ४,००० तास पाहिले गेलेले असावे लागतात. तिथवर पोचणे म्हणजे पहिल्याच पावसात विहीर भरण्याची वाट पाहणे.

कायद्याची बाजूही पाहावी. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून विकणे परवानगीवाचून करू नये. चालीचा मालक असतो. परंपरेने चालत आलेले लग्नगीत मात्र कोणा एकाच्या मालकीचे नसते. पण ते गाणाऱ्या बाईच्या गाण्यावर तिचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला हा हक्क मिळाला, आणि तो ५० वर्षे टिकतो. तिच्या संमतीवाचून तिचे गाणे भरून विकता येत नाही. आमच्या भागातल्या एका मंडळाची भजने एकाने भरून नेली, ती पुढे कित्येक ठिकाणी वाजली, पण मंडळाला ना पैसा मिळाला ना त्यांचे नाव कुठे लागले. साध्या कागदावर चार ओळी लिहून घेतल्या असत्या तर हे टळले असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले ती सांगतो. माझी आत्या रोहे तालुक्यात असते. ती धवलारीण. आपल्या आगरी लग्नात धवलारणीचा मान केवढा ते तुम्हाला सांगायला नको. ती धवले गाते तेव्हा लग्न लागते. मराठीत हा शब्द फार जुना आहे. तेराव्या शतकात महदंबेने धवळे रचले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. आत्याने कागद कधी पाहिला नाही. तिचे सारे धवले तोंडपाठ, सासूकडून आलेले. त्यांतले काही आता तिच्याशिवाय आजूबाजूला कोणालाच येत नाहीत, आणि तिचे वय ऐंशीला टेकले आहे.

पुतण्या माईक घेऊन तिच्याकडे गेला. म्हणाला, “आजी, सगळे धवले भरून घेऊ. लोक मोबाईलवर ऐकतील, तुझं नाव होईल.”

ती म्हणाली, “माजा आवाज त्या डबीत ठेवलास, मग लग्नाला मना कोन बोलवील रं?”

वाचकहो, या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही. लुगडे, ओटी आणि चार पैसे हा तिचा मानही आहे आणि मिळकतही. मोबाईलवर फुकट धवले लागले तर काटकसरी यजमान दुसऱ्या दिवशी डबीच लावील. डीजेने हळदीची निम्मी गाणी तशीच खाल्ली आहेत. उलट पुतण्याचेही खोटे नाही. भरून ठेवले नाही तर तिच्यामागे ते धवले जातील, आणि मग लग्नाला बोलावणार तरी कोणाला?

शेवटी तोड निघाली ती आत्यानेच काढली. धवले भरायचे, पण लग्नात लावायचे नाहीत. एक प्रत तिच्या नातसुनेला द्यायची, शिकण्यासाठी. ती सोडून दुसऱ्या कोणाला द्यायचे तर आधी तिला विचारायचे आणि पैसे आले तर निम्मे तिचे. हे लिहून तिचा अंगठा घेतला. पुतण्या थोडा नाराज आहे. त्याच्या मते ऐकणारे पुष्कळ मिळाले असते. मिळालेही असते. पण नातसून पापड लाटता लाटता ते धवले ऐकते, चुकले की परत लावते, आणि परवा एका साखरपुड्यात आत्याबरोबर दुसरा गळा तिचा होता. ही मिळकत पुतण्याच्या वहीत लिहिली जात नाही.

महाराष्ट्रात असे मोठे काम झालेलेही आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येऊ लागल्या, आणि तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. त्या नाव-गावाची रीत आपण उचलावी.

तेव्हा तुमच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी दिवसभर मोबाईलवर गाणी ऐकत बसत असेल तर नुसते रागावू नका. त्याला एक खोली द्या, दोन गोधड्या द्या आणि सुरुवातीला मोबाईलवरच आवाज भरू द्या. यंत्रे हात बसल्यावर घ्यावीत. पहिले गिऱ्हाईक म्हणून गावचे भजनी मंडळ बोलवा. पहिले फुकटचे काम म्हणून गावातली सर्वांत म्हातारी गाणारी बाई गाठा. मात्र भरण्याआधी तिला विचारा, ती सांगेल ते कागदावर घ्या, आणि तिची एक प्रत तिच्याच घरी ठेवा. यंदा वाल काढून झाला की मोकळे दिवस येतील. त्या दिवसांत हे काम करून पाहा.