कोणाशेजारी कोण : सिक्लिड पाळणाऱ्याची टिपणे

सोलापूरकराने सिक्लिड काचेत पाहण्याआधी ताटात पाहिलेला असतो. भिगवण-इंदापूरकडच्या हॉटेलांत मिळणारी भीमेवरच्या उजनी धरणाची चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तिलापिया सिक्लिड कुळातलीच. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, एंजल, डिस्कस, मलावी सरोवराचे निळे-पिवळे मासे हे सगळे तिचे भाऊबंद. मूळची आफ्रिकेची चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. नर उथळ पाण्यात खड्डा करून जागा राखतो, मादी अंडी तोंडात सांभाळते. जाळ्यातून काढताना कधी कधी तिच्या तोंडातून पिवळसर अंडी हातावर सांडतात. पिल्ले जगवण्याचा असा पक्का बंदोबस्त आणि मिळेल ते खाण्याची तयारी! प्रदूषण आणि बारीक आसाची जाळी यांनी भीमेचे जुने मासे आधीच कमी केले होते. त्यांची जागा चिलापीने घेतली. घरच्या टँकमध्ये कोणाशेजारी कोण ठेवायचे, हा प्रश्न म्हणूनच मला नुसत्या हौसेचा वाटत नाही.

•

मासा निवडण्याआधी पाणी तपासा. डाळिंबाच्या बागेसाठी पाण्याचा सामू तपासणाऱ्या जिल्ह्याला हे शिकवायला नको. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते. नळाच्या तोटीवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो तो त्यामुळेच. निसर्गातून पकडलेल्या डिस्कसला मऊ, आम्लधर्मी आणि २८ ते ३० अंशांचे पाणी लागते. मलावीच्या माशांना सामू साधारण ७.८ ते ८.६ आणि टांगानिका सरोवरातल्या माशांना त्याहूनही चढा लागतो. सोलापूरच्या पाण्यात मलावीचा मासा बिनतक्रार राहतो. डिस्कससाठी आरओचे पाणी करत बसावे लागते आणि त्यात निम्म्याहून अधिक पाणी गटारात जाते. दक्षिण अमेरिकेचे मऊ पाण्याचे आणि आफ्रिकेचे जड पाण्याचे मासे एकाच टँकमध्ये कोंबू नयेत. दोघांचेही थोडेथोडे हाल होतात, आणि ते लगेच दिसत नाहीत.

•

चढ्या सामूची एक जोखीम मात्र लक्षात ठेवायला हवी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. सामू ७ आणि तापमान २५ अंश असेल, तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८.५ झाला की तोच वाटा १५ टक्क्यांवर जातो आणि पाणी तापले की आणखी वाढतो. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जाणाऱ्या गावात ही गोष्ट जिवावरची आहे. नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर महागडे मासे आणण्याची घाई करू नये.

•

मलावीच्या खडकांतल्या माशांबद्दल जगभर एक युक्ती सांगतात : टँक भरपूर भरा, म्हणजे दादागिरी करणाऱ्या नराला एकच कोणी सापडत नाही आणि मार सगळ्यांत वाटला जातो. युक्ती खरी आहे. पण ती सतत पाणी बदलण्यावर उभी आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँकमध्ये सुमारे ६८० लिटर पाणी मावते. आठवड्याला तीस टक्के बदलायचे म्हटले तर २०० लिटर, म्हणजे एक भरलेले बॅरल. ज्या शहरात नळ चार-चार दिवसांआड येतो, तिथे ही युक्ती जशीच्या तशी घेऊ नये. गर्दी करून शांतता विकत घेण्याऐवजी मुळात शांत मासे निवडावेत : यलो लॅब, रस्टी, पीकॉक. ऑराटस आणि डेमासोनी दिसायला देखणे, पण आपल्या पाणीपुरवठ्याला न परवडणारे.

बदललेले पाणी कुंड्यांना घालावे. त्यातला नायट्रेट झाडांना खत आहे. नळाचे पाणी बॅरलमध्ये एअरस्टोन लावून दिवसभर उघडे ठेवले की क्लोरीन बहुतेक उडून जातो. घाई असेल तर हायपोचे खडे आहेतच.

•

दुकानात ऑस्कर दोन इंचांचा असतो आणि बोटामागे धावतो. दीड वर्षात तो फूटभर होतो आणि नीट ठेवला तर दहा-बारा वर्षे जगतो. सोबत निवडताना आजचा नव्हे, पूर्ण वाढलेला मासा डोळ्यांपुढे आणावा. तोंडात मावेल ते सगळे ऑस्करचे खाद्य. त्यामुळे गप्पी, टेट्रा, लहान एंजल बाद. सिल्व्हर डॉलर चालतो : अंगाने ताटलीसारखा रुंद, चपळ, थव्याने राहणारा आणि पालेभाजी खाणारा, त्यामुळे ऑस्करच्या वाट्याला जात नाही. सेव्हरम हा सिक्लिडही चालतो. सहा फुटांत ऑस्करची एक जोडी, पाच-सहा सिल्व्हर डॉलर, बस्स. याहून जास्त भरू नये.

•

फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवावा. १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झालेला हा मासा आपल्याकडे वास्तू आणि भाग्याच्या नावाने खपतो. धन्याला तो ओळखतो, हातामागे फिरतो. शेजारी मात्र त्याला कोणीच खपत नाही.

पॅरट सिक्लिड हाही संकरच. त्याचे तोंड नीट मिटत नाही, म्हणून त्याला धड चावता येत नाही. खाद्यासाठी झटापट करणाऱ्यांत तो उपाशी राहतो. शांत सेव्हरमबरोबर ठेवावा आणि बुडणारे बारीक दाणे द्यावेत.

•

खाण्यावरूनही सोबत ठरते. मलावीचे खडकांतले बरेच मासे शेवाळ खरवडून खातात. त्यांचे आतडे लांब असते. ऑस्करसाठी टाकलेले मांसल खाद्य त्यांना सारखे मिळाले तर पोट फुगते, मासा खाणे सोडतो आणि हाताबाहेर जातो. पीकॉक किडे टिपून खाणारे. दोघांना एकत्र ठेवायचेच असेल, तर स्पिरुलिनाचे खाद्य मुख्य ठेवून मांसल खाद्य अधूनमधून द्यावे.

•

भांडण सुरू होण्याआधी दिसते. दोन मासे समोरासमोर येतात, गलफडे फुगवतात, अंगाचे पट्टे गडद होतात. मग शेपटीने एकमेकांवर पाण्याचा मारा होतो आणि शेवटी जबड्यात जबडा अडकतो. इथवर ही ताकदीची मोजणी असते. हरलेल्याला पळायला जागा असली की संपते. टँकमध्ये ती जागा नसते. म्हणून दिवसातून एकदा वरचा कोपरा पाहावा. फिल्टरच्या धारेखाली एखादा मासा रंग फिका करून, पंख मिटून उभा असेल, खाद्य टाकले तरी खाली येत नसेल, तर त्याला त्याच दिवशी वेगळे काढावे. उद्यावर टाकले की सकाळी त्याच्या शेपटीची लक्तरे झालेली दिसतात.

नवा मासा सोडायचा असेल तेव्हा दगडांची मांडणी बदलावी आणि दिवे घालवावेत. जुन्यांच्या हद्दी मोडतात, सगळ्यांनाच नव्याने घर शोधावे लागते.

•

कन्व्हिक्ट सिक्लिडची जोडी अंडी देते तेव्हाचे वागणे प्रत्येकाने जवळून पाहावे. मादी अंड्यांवर पंखाने वारा घालते, नर पहारा देतो. पिल्ले पोहू लागली की आईबाप तळाची पाने उलटून त्यांना चरायला देतात आणि एखादे भरकटले तर तोंडात उचलून परत थव्यात सोडतात. याच दिवसांत हे चार इंचांचे मासे दुप्पट मोठ्या ऑस्करलाही पिटाळतात. या माशांची माया आणि मारकेपणा एकाच मुळातून येतात. जोडी जमली की तिला वेगळा टँक द्यावा.

•

आपल्या देशातले सिक्लिड फक्त तीन, आणि त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे कोकण-गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर. केरळने त्यालाच करिमीन म्हणून २०१० साली राज्यमासा केले. त्याच्याबरोबर ऑरेंज क्रोमाइड हा छोटा केशरी सिक्लिड राहतो. तो कालुंदराच्या अंगावरचे परजीवी आणि पंखांवरची बुरशी टिपून खातो. १९७२ साली हे शास्त्रीय लेखात नोंदले गेले. संधी मिळाली तर तोच कालुंदराची अंडीही खातो. जड, किंचित खारट पाण्यात या दोघांचा सहा फुटी टँक सुरेख जमतो. परदेशी माशांच्या गर्दीत आपला कालुंदर हौशी लोकांच्या यादीत वर यायला हवा.

•

वीज गेली की टँकला धोका असतो. कॅनिस्टर फिल्टरमधले जिवाणू काही तासांत गुदमरतात. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३२ अंशांना सव्वासातच. बॅटरीवरचा एअरपंप घेऊन ठेवावा. उन्हाळ्यात झाकण काढून जाळी टाकावी, पाण्यावर छोटा पंखा सोडावा आणि खाद्य कमी करावे. सहा फुटी टँकचे पाणी, काच, वाळू, दगड मिळून वजन पाऊण टनाच्या वर जाते. म्हणून तो भिंतीलगत, बीमच्या आधाराने ठेवावा.

•

काच साफ ठेवायला सकर मासा सगळेच आणतात. तो दीड फुटापर्यंत वाढतो आणि रात्री मोठ्या माशांच्या अंगावरचा चिकटा ओरपू लागतो. त्याऐवजी पाच इंचांवर थांबणारा ब्रिसलनोज घ्यावा. मलावीच्या टँकला सिनोडॉन्टिस. नको झालेले सकर कोणीतरी पाण्यात सोडले, आणि आज ते उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतात. काटेरी पंखांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नाही.

आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाइल पर्च हा शिकारी मासा सोडला, आणि सिक्लिडांच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परगा यांतल्या कशातही घरचा मासा सोडू नये, तो कितीही मोठा झाला तरी. टँक घेताना माशांची यादी करतोच आपण. तिच्यात प्रत्येक नावापुढे, वाढल्यावर तो कोणाकडे जाईल हेही लिहावे. ते लिहिता येत नसेल, तर तो मासा आणू नये.