ठाणे येईपर्यंत

लोकलला संडास नसतो, या एका गोष्टीवर माझं पाणी पिणं बेतलेलं होतं. शेलूहून मुंबई म्हणजे पावणेदोन-दोन तास, तेही बहुतेक वेळा उभ्याने. म्हणून सकाळी अर्धा कप चहा, बस्स. मग लघवीला जळजळ सुरू झाली आणि डॉक्टरांनी पाणी पिण्यावरून चांगलंच झापलं. दुसऱ्याच दिवशी फलाटावर गाडीची वाट बघत बाटलीभर पाणी संपवलं. वांगणी, बदलापूर, कल्याण निर्धास्त गेलं. ठाण्याला मात्र माणसांना ढकलत उतरावं लागलं.

शेलूला प्यायलेलं पाणी तासभर कुठे होतं? एवढ्याच प्रश्नासाठी भाचीचं अकरावीचं जीवशास्त्र उघडलं. मी कॉमर्सवाली.

पहिल्याच आकड्याला अडखळले. मूत्रपिंडं दिवसाला 180 लिटर पाणी गाळतात म्हणे. अख्ख्या माणसात जेमतेम चाळीस लिटर, मग हे आलं कुठून? "आत्या, तेच तेच पाणी परत परत गाळलं जातं," भाची म्हणाली. म्हणजे 180 ही उलाढाल. बाहेर पडतं ते दीड-दोन लिटर. बाकीचं परत रक्तात, आणि त्यातलं बहुतेक तर कुणाला न विचारताच. निर्णय होतो तो शेवटच्या दहाव्या हिश्शाचा, मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिकेत.

तिथे मला भिवपुरी आठवलं. 1922 पासून तिथल्या टाटांच्या वीजकेंद्रातून घाटावरचं पाणी खाली येतं, म्हणून आमच्या उल्हास नदीला उन्हाळ्यातही धार असते. तिकडे सोडलं तर इकडे पाणी. मी तसंच धरून चालले, की मेंदूने हुकूम सोडला की मूत्रपिंडाचा दरवाजा उघडतो आणि लघवी होते.

नेमकं उलटं निघालं. हुकूम असतो तो पाणी राखायचा. रक्तात मिठाचं प्रमाण टक्का-दोन टक्के वाढलं तरी मेंदूला कळतं, पियुषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन सुटतं. नलिकेच्या पेशींत बारीक पिशव्या असतात, त्यांत अ‍ॅक्वापोरिन नावाच्या पाण्याच्या वाहिन्या भरून ठेवलेल्या. हुकूम पोचला की पिशव्या भिंतीला जाऊन चिकटतात आणि भिंतीत वाटा तयार होतात. हुकूम थांबला की वाहिन्या परत आत. दार उघडण्याऐवजी दारच उचलून आणून भिंतीत बसवायचं! हे पचायला मला दोन दिवस लागले. ज्यांच्यात हा हुकूमच सुटत नाही त्यांना दिवसाला दहा-पंधरा लिटरही लघवी होऊ शकते. त्या आजाराच्या नावात डायबेटिस होतं, साखरेशी संबंध शून्य. 2022 मध्ये नाव बदललं ते बरं झालं.

अ‍ॅक्वापोरिन ओळखलं पीटर अ‍ॅग्रे यांनी. 1992 मध्ये त्यांनी बेडकाच्या अंड्यांना हे प्रथिन तयार करायला लावलं. साध्या पाण्यात टाकताच ती अंडी फुगून फुटली. 2003 मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. बिचाऱ्या अंड्यांना काय मिळालं, कोण जाणे.

तरीही एक गाठ सुटेना. वाट झाली, पण त्या वाटेने पाणी ओढतं कोण? ते वहिनीने लोणच्याला कैरी चिरून मीठ लावलं तेव्हा उमगलं. तासाभरात फोडींना पाणी सुटलं. मूत्रपिंडाच्या गाभ्यात खारटपणा रक्ताच्या चौपटीपर्यंत जातो. वाहिनी नुसती वाट देते, ओढ त्या खारटपणाची.

आता माझ्या बाटलीचा हिशेब लागला. पाणी आतड्यातून रक्तात जायचं, रक्त पातळ झाल्याचं मेंदूला कळायचं, आधी सुटलेलं व्हॅसोप्रेसिन विरायचं, वाहिन्या भिंतीवरून आत जायच्या, मग कुठे मूत्राशय भरायचं. लघवीचा जोर यायला तास लागतो. शेलूपासून तास म्हणजे ठाणेच.

हल्ली उठल्या उठल्या तांब्याभर पाणी पिते आणि तासाभराने, मोकळी होऊन, घर सोडते. भाची म्हणते, आता आल्डोस्टेरॉन वाच. त्यात सोडियमचा हिशेब आहे म्हणे.