पाखाडीवरचं पाणी

आमच्या घरापासून विहिरीपर्यंत पाखाडीच्या ६४ पायऱ्या आहेत. जांभ्याच्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याजवळ आमची वाडी. घरं उतारावर आणि विहिरी खाली, माड-पोफळीच्या आगरात. चूल वर, पाणी खाली. आगराला पाणी लावायला बैलाचा रहाट होता. पहाटे त्याची कुरकुर सुरू झाली की मला जाग यायची. लोट्यांतलं पाणी पन्हळीत पडे, पन्हळीतून पाटात, आणि पाटातून झाडांच्या अळ्यांत. आगर सपाटीवर, त्यामुळे एकदा काठावर आलेलं पाणी पुढे आपल्या पायांनी चालत जाई. घरासाठी मात्र रहाट नव्हता. घरासाठी आई होती.

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, कमरेला कळशी. उन्हाळ्यात दिवसाला आठ खेपा. आठ वर्षांची असताना मला छोटी कळशी मिळाली आणि मीही तिच्यामागून चढू लागले. चढताना बोलायचं नाही, दम जातो, हे तिने मला पहिल्याच दिवशी शिकवलं. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळायच्या, तेव्हा ती अनवाणी पायाची बोटं दगडात रोवून चढायची. हंडा हिंदकळला तरी मान हलायची नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी एका दुपारी मी कागद घेऊन हिशेब केला. विहिरीच्या काठापासून घराच्या जोत्यापर्यंत उभी उंची ११ मीटर. आठ खेपांचे ८८ मीटर. वर्षभर याच मापाने धरलं तर ३२ हजार मीटरच्या वर. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे आई वर्षाला एकोणीस वेळा, थेट समुद्रापासून, कळसूबाई चढत होती. आणि यात एक गोष्ट पंपाच्या कुठल्याही हिशेबात येत नाही. पंप फक्त पाणी चढवतो. बाईला पाण्याबरोबर स्वतःचा देहही दर खेपेला वर न्यावा लागतो.

अण्णांना, माझ्या वडिलांना, हे कळत नव्हतं असं नाही. १९९४ च्या मे महिन्यात त्यांनी पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा एक जुना इंजिन-पंप विकत आणला. वाडीतली माणसं बघायला जमली. विहिरीच्या काठावर इंजिन बसवलं, नळी खाली सोडली, टोकाला फूटव्हॉल्व्ह. आमच्याकडे त्याला सगळे ‘फुटबॉल’ म्हणतात. पंपात पाणी ओतून भरलं, दोरी ओढली, इंजिन धडधडायला लागलं आणि पाणी काही आलं नाही. पुन्हा ओतलं, पुन्हा ओढलं. फुटबॉल काढून घासला. सांध्यांना सुतळी आणि रंग लावला. तीन दिवस अण्णा त्या काठावर बसून होते आणि तीन दिवस आई शेजारून हंडे भरून वर जात होती. इंजिन खाली विहिरीतच उतरवू, असंही त्यांच्या मनात आलं. शेजारच्या काकांनी त्यांचा हात धरला. विहिरीत धूर साठला तर माणूस वर येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पंपात बिघाड नव्हताच. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी काठापासून ९ मीटर खाली जातं. काठावरचा पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण तो नुसती नळीतली हवा काढून घेतो. पाण्याला वर ढकलते ती बाहेरच्या हवेच्या दाबाची ताकद. इटलीत तोरिचेल्लीने १६४० च्या दशकात पाऱ्याच्या नळीने हे दाखवून दिलं. समुद्रसपाटीला हवेची ती ताकद पाण्याचा फार तर १०.३ मीटरचा स्तंभ पेलते. प्रत्यक्षात नळीतलं घर्षण, बारीक गळती, पंपाची झीज हे वजा जाता सातेक मीटरच्या पुढे भरवसा नाही. दोन मीटरसाठी अण्णा हरले होते. जुलैत विहीर काठोकाठ भरली तेव्हा तोच पंप झकास चालला. तेव्हा पागोळ्यांखाली घागर धरली तरी भरत होती.

माझं लग्न झालं आणि मी बोरिवलीला आले. तिथे पहाटे साडेचारला नळ येई, आणि पिंप, बादल्या, पातेली भरून होईपर्यंत कुणी एकमेकांशी बोलत नसे. एका रविवारी आम्ही कान्हेरीची बौद्ध लेणी बघायला गेलो. लेण्यांपेक्षा मला त्या लेण्यांची टाकी दिसत राहिली. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेलं टाकं, आणि डोंगराच्या पाठीवर कोरलेल्या बारीक पन्हळी, पावसाचं पाणी त्या टाक्यांत आणून सोडणाऱ्या. तिथल्या शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. कल्याण-सोपाऱ्याच्या माणसांनी लेणं दान दिलं तसं पोढीही दान दिली, आणि ते दगडात लिहून ठेवलं. मी तिथे बराच वेळ उभी होते. त्या भिक्षूंनी डोंगरावर राहायचं ठरवलं, पण पाणी खालून वर आणायचं नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं. वरून येणारं वरच अडवायचं. आमच्या वाडीवर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो जांभ्यातून पाझरून, पऱ्यांतून धावून चार दिवसांत समुद्राला मिळतो, आणि आम्ही मार्चपासून पाण्याकडे बघत बसतो. हे मी लहानपणापासून पाहत होते. त्याचा संताप मात्र पहिल्यांदा कान्हेरीला आला.

वाडीत पुढे लाइट आली. विहिरीत पाण्याखाली बुडणारी मोटर बसली. ती पाणी ओढत नाही, खालून ढकलते, म्हणून खोलीचं बंधन तिला नाही. आईच्या खेपा थांबल्या. अण्णांनी ते पाहिलं, याचं मला फार बरं वाटतं.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळाने एका दुपारी आगर आडवं केलं. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट उपटले, घराची कौलं उडाली, गोठ्याचं छप्पर पऱ्यात जाऊन पडलं आणि विजेचे खांब शेतात झोपले. आमच्या वाडीला महिन्याहून अधिक काळ लाइट नव्हती. विहीर भरलेली, मोटर धड, आणि घरात पाणी नाही. मी रस्ते मोकळे झाल्यावर पोहोचले तेव्हा सत्तरी ओलांडलेली आई पाखाडीच्या चाळिसाव्या पायरीवर कळशी टेकून बसली होती. मला बघून ती उठू लागली. मी तिच्या हातातली कळशी घेतली आणि उरलेल्या २४ पायऱ्या चढताना एकच ठरवलं: हिचं पाणी ह्यापुढे कुठल्याही तारेवर लोंबकळणार नाही.

घरामागे, स्वयंपाकघरातल्या नळाच्या ४ मीटर वर गोठा आहे. त्याला नवं पत्र्याचं छप्पर घालायचं होतंच. त्याच्या पागोळीखाली टाकी बांधायचं ठरलं. फेरोसिमेंटची: सळ्या, वेल्डमेश, कोंबडीजाळी आणि त्यावर आतून-बाहेरून सिमेंट-वाळूचा गिलावा, भिंत जेमतेम दीड इंचाची. व्यास साडेतीन मीटर, उंची दोन मीटर. १९ हजार लिटर पाणी मावतं. गवंडीदादा म्हणाले, गोल ठेवा, कोपरा असला की तिथेच फुटतं. टाकीला दोन आठवडे ओलं गोणपाट गुंडाळून पाणी मारावं लागलं, आणि तेवढं पाणी पाखाडीवरूनच चढलं. ह्या वेळी हंडे मी आणि माझ्या मुलाने वाहिले. आई मोजत होती.

पत्र्याचं क्षेत्र ५० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, इतका हा हिशेब सोपा आहे, आणि तो आपल्याला शाळेत कुणी का सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. आमच्या पावसात तेवढ्याशा छपरावरून दीड लाख लिटर वाहून जातं. टाकी जूनमध्येच भरते आणि सप्टेंबर सरेपर्यंत उतरत नाही.

पावसानंतरच्या आठ महिन्यांसाठी विहिरीत अर्ध्या अश्वशक्तीचा डीसी पंप सोडला आणि गोठ्याच्या छपरावर दोन सौर पॅनल बसवले. मे महिन्यातल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंत, पाइपातलं घर्षण धरून, २८ मीटर चढण. बॅटरी घेतली नाही. ऊन असेल तेव्हा पाणी वर चढवून ठेवायचं. रात्री नळ उघडला की ते उंचीच्या जोरावर आपलं आपण खाली येतं. आभाळ भरून आल्यावर पंप बंद पडतो, पण आमच्याकडे आभाळ भरून येतं ते पाणी घेऊनच.

चांगल्या उन्हात मिनिटाला पंचवीस-तीस लिटर पाणी वर येतं. पहिल्या दिवशी मी घड्याळ लावून बसले. आईच्या आठ खेपांचं पाणी, सुमारे १६० लिटर, सहा मिनिटांत टाकीत पडलं. मी तिला ते सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं, पण तिच्या गुडघ्यांकडे पाहून गप्प बसले.

मे महिन्यात पंप दोन तासांत विहिरीचा तळ दाखवतो. झरा पुन्हा भरायला पुढची दुपार होते. पाणी संपलं की पंप आपोआप थांबावा म्हणून मी सेन्सर लावलाय, पण आई त्याच्यावर सोडत नाही. तासाभराने ती खटका खाली करते. विहीर अशी खरवडून काढायची नसते, म्हणते. खालच्या घरातली माणसं अजून पोहरा टाकतात.

पहिल्या पावसात छपरावरची धूळ, पाखरांची घाण, सुकलेली पानं धुऊन येतात, म्हणून ते पाणी टाकीत न घेता बाहेर सोडायला पन्हळीखाली वेगळी तोटी आहे. मी पुस्तकात वाचून तिला सांगितलं होतं की दोनेक मिलिमीटर पाऊस वाहून गेला की पुरे. यंदा मृगाचा पाऊस रात्री आला. सकाळी बघते तर आई गोठ्याच्या पागोळीखाली स्टीलचा पेला धरून उभी, पदर भिजलेला. पेला उजेडाकडे धरून तिने पाणी पाहिलं, हुंगलं आणि अंगणात ओतून दिलं.

“अजून नाही.”

दुसऱ्या दिवशीही नाहीच. तिसऱ्या दिवशी दुपारी सर जोरात होती. तिने पेला भरला, पाहिला, एक घोट घेतला आणि उरलेलं पाणी माझ्यापुढे धरलं. मी प्यायले. मग ती म्हणाली, “आता फिरव.” मी तोटी फिरवली, आणि आम्ही दोघी टाकीला कान लावून उभ्या राहिलो.