टेबल सॉ घेण्याआधी

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

चि. बाळा यास,


गच्चीवरच्या खोलीत लाकूडकाम मांडायचं तू ठरवलंस, फार बरं वाटलं. खंडेनवमीच्या आत टेबल सॉ आणून त्याला हळदकुंकू वाहायचं, हा बेतही आवडला. तू मात्र एवढंच विचारलंस, "मामा, किती एचपीचा घेऊ?" टूलरूममध्ये जन्म काढलेला माणूस म्हणून सांगतो, एचपीचं मागाहून बघू. आधी बघायची ती लाकूड टेकवून सरकवायची पट्टी, म्हणजे फेन्स, आणि ब्लेडच्या पाठीमागे उभी असते ती पोलादी जीभ, रिव्हिंग नाइफ. या दोहोंत खोट असेल तर मोटर कितीही दांडगी असून उपयोग नाही.

ब्लेडचे पुढचे दात लाकूड टेबलावर दाबतात, मागचे दात मात्र खालून वर उसळत येतात. फळी लांबीत चिरताना लाकडातला ताण सुटतो, चीर मागे मिटायला लागते आणि ब्लेडला चिमटा बसतो. फेन्स मागच्या टोकाला ब्लेडकडे कलला असेल तरी तेच. मग मागचे दात लाकूड उचलून थेट तुझ्या पोटाच्या दिशेने भिरकावतात. १० इंची ब्लेड मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी १९० किलोमीटर भरतो. माझ्या डोळ्यांदेखत हातभर पट्टी अशी सुटली आणि मागच्या पत्र्यात जाऊन रुतली. वाटेत कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं.

रिव्हिंग नाइफ त्या चिरेत उभी राहते आणि चीर मिटू देत नाही. ब्लेड वरखाली केलं की तीही सोबत वरखाली झाली पाहिजे. तिची जाडी ब्लेडच्या पत्र्याहून किंचित जास्त आणि दातांनी पाडलेल्या चिरेहून कमी हवी. पुढे ब्लेड बदलशील तेव्हा हे पुन्हा ताडून घे.

तू पाहिलं असशील, आपल्याकडचे मिस्त्री साइटवर मार्बल कटर उलटा करून प्लायच्या तुकड्याखाली बसवतात, बटण अडकवून ठेवतात आणि त्यावर अख्खं किचन उभं करतात. त्यांच्या हाताला माझा दंडवत. त्यांना आज या साइटवर, उद्या त्या साइटवर जायचं असतं, आणि काम उरकल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. तुझ्यामागे असली कसलीही घाई नाही. त्या जुगाडात रिव्हिंग नाइफ नाही, ब्लेडवर झाकण नाही, आणि हात सटकला तर बटण टेबलाखाली. स्वस्तात होतंय म्हणून तू तसं करणार असशील, तर मी साफ नाही म्हणतो.

अमेरिकेतल्या स्टीव्ह गॅस नावाच्या पेटंट वकिलाने १९९९ मध्ये ब्लेडला हात लागण्यावर फार सुंदर उपाय काढला. तो भौतिकशास्त्रातही शिकलेला. त्याच्या सॉस्टॉपमध्ये ब्लेडला बारीकसा विद्युत संकेत दिलेला असतो. बोट लागताच तो बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि ५ मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबतं. असा सॉ आपल्या दुकानांत मला दिसलेला नाही. तिकडून कुणाकरवी मागवण्याच्या भानगडीतही पडू नकोस. त्यांची वीज १२० व्होल्टची, आपली २३०.

आता फेन्स. दुकानात गेलास की प्लग काढून ठेवायला सांग. टेबलावर मायटर गेज सरकतो ती खाच असते. ब्लेड पूर्ण वर घे, एका दातावर स्केचपेनने खूण कर, तो दात पुढे आणून खाचेपासूनचं अंतर मोज. मग हाताने ब्लेड फिरवून तोच दात मागे ने आणि पुन्हा मोज. दोन्ही मापं जुळली पाहिजेत. वेगळा दात धरलास तर ब्लेडचा वाकडेपणा मापात शिरेल. मग फेन्स खाचेला समांतर आणून कस आणि मागचं टोक अंगठ्याने जोरात ढकल. तिथे अर्धा सूतही हललं, तर तो सॉ दुकानातच राहू दे.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं वाटत असेल तर वेरूळला जाऊन १० नंबरचं लेणं बघ. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. सातव्या शतकातल्या कारागिरांनी छताला दगडातूनच लाकडी वाशांसारख्या कमानी काढल्या. सारख्या जाडीच्या, सारख्या अंतरावर, एकीमागे एक. मान वर करून बघतच राहावंसं वाटतं. दहा फळ्या एका मापाच्या निघाल्या की कपाटालाही तशी शिस्त येते, आणि ती फेन्सवरच ठरते.

राजकोटकडची रंधा, कटर आणि ड्रिल एकत्र असलेली बिडाची मशीनही तू बघून ठेवलीस. रंध्याला ती उत्तम, पण मी पाहिलेल्या मशीनांवर रिव्हिंग नाइफ नव्हती, आणि ते धूड गच्चीवर चढवणार कोण? तुला १० इंची ब्लेडचा, पंचवीस-तीस किलोचा पोर्टेबल सॉ बरा. तीन इंच जाडी त्यातून निघते. त्याहून जाड लाकूड वखारीतच चिरून घे. ८ बाय ४ ची अख्खी शीटही त्याच्यावर चढवू नकोस, प्लायवाल्याकडून आधी पट्टे पाडून आण. जुन्या घरांचं सागवान मिळालं तर त्यावरून आधी लोहचुंबक फिरव. काळा डाग दिसला की आत खिळा आहे असं धरूनच चाल.

आणि तुझा एचपी. १,८०० वॅट, म्हणजे साधारण अडीच एचपी, तुला भरपूर. हा सॉ ८ अँपियरच्या आसपास घेतो. खालच्या बोर्डातून थेट वेगळी लाइन ओढून घे, १६ अँपियरचं सॉकेट आणि पक्कं अर्थिंग. दिव्याच्या पॉइंटवरून वायर ओढलीस तर मी वर पाऊलही ठेवणार नाही. अशा मोटरचा आवाज कर्कश असतो, तेव्हा दुपारी शेजारच्या आजी झोपतात ती वेळ सोड. कानाला मफ, नाकाला चांगला मास्क. लाकडाचा भुसा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलंय.

ताईला हे पत्र वाचून दाखव, तिची धास्ती थोडी कमी होईल. सॉ घ्यायला निघशील तेव्हा मला गाडीवर घे. गुण्या आणि फीलर गेज मी बरोबर आणतो.

तुझा,
मामा